दारातला वाफा

जमिनीच्या प्रश्नावर आपल्या पानांवर पुष्कळ लिहून आलं. ताबा, सातबारा, मोर्चा, लाठी, केस. सगळं खरं आणि सगळं लागतंच. पण ताबा घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रानात काय करायचं, हे कुणी लिहीत नाही. लिहिणारा बहुतेक शहरात गेलेला असतो, आणि ज्यांना ठाऊक असतं त्या बाया लिहीत नाहीत. मी खुरप्यावर वाढलेली बाई, शाळा दहावीपर्यंत. म्हणून रोपाबद्दल, तणाबद्दल, रोगाबद्दल मीच लिहिते. तुम्ही म्हणाल, हे काय कृषिखात्याचं पत्रक? वाचा, मग बोला. मिरचीच्या रोपाचा आणि जमिनीच्या कागदाचा संबंध पत्रकात नसतो.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. नाव लिहीत नाही, कारण अजून तिथंच राहायचं आहे. वस्ती बारा घरांची. हाडोळीचा तुकडा आज्याच्या काळातच सावकाराच्या घशात गेलेला. बाप्ये सालगडी, नाहीतर उसाच्या टोळीत. बाया खुरपायला.

सात-आठ वर्षांची असल्यापासून मी मायच्या शेजारी पात धरून बसले. पात काय ते शहरातल्या पोरांसाठी सांगते. बाया बांधाला ओळीनं उकिडव्या बसतात. प्रत्येकीला दोन-तीन तासांची पट्टी, ती तिची पात. खुरपं चालवत बसल्या बसल्याच पुढं सरकायचं, पार पलीकडच्या बांधापर्यंत. मागं पडलं की मुकादम बोलणार, पुढं गेलं की शेजारीण बोलणार. दिवसभर गुडघे छातीशी. मजुरी बाप्याच्या निम्मी. तहान लागली तर ओंजळ धरायची, पाणी वरून पडणार.

आणि काम कसलं? मालकिणीच्या मिरचीचं रोप टाकायला माय. वाफा खुरपायला माय. रोप उपटून रानात लावायला माय. तोडायला, वाळवायला, पोत्यात भरायला माय. बियापासून पोत्यापर्यंत सगळा आमचा हात. त्या मिरचीचं कालवण मात्र आमच्या हातानं वाढलेलं त्यांना चालत नव्हतं. विटाळ नेमका कुठल्या पायरीला लागतो, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

पण त्या बसण्यातून मायला जे कळत होतं, ते कुठल्या मालकाला कळत नव्हतं. केना खुरपून रानातच टाकला तर पावसात त्याच्या कांड्याकांड्याला मुळ्या फुटतात, म्हणून तो उचलून बांधाबाहेर न्यायचा. लव्हाळा वरून कापला की खालच्या गाठीतून दुप्पट फुटतो, म्हणून त्याचं मरण उन्हाळ्यात. खोल नांगरून गाठी वर काढायच्या, उन्हात तळायच्या, वेचून जाळायच्या. हराळीचंही तेच. गाजरगवत फुलावर यायच्या आधी उपटायचं, कारण एकेका झाडाला हजारोंनी बी. या गवताला लोक काँग्रेस गवत म्हणतात. ते १९५५ साली पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं आणि मग देशभर पसरलं. त्यानं बायांच्या हातांना खाज सुटते, कातडी फुटते. मालकाच्या हाताला काही होत नाही, कारण त्याचा हात गवतापर्यंत जातच नाही.

घोळ, तांदुळजा, कुर्डू, पाथरी ही मालकाला तण, आम्हाला कोरड्यास. संध्याकाळी मजुरीसंगं ओट्यात ती भाजी घरी यायची. तीसुद्धा विचारून न्यायची. त्याच्या रानातला कचरासुद्धा त्याचा.

आता गायरानाकडे येते.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. तेव्हा तुरुंगात गेलेल्या माणसांच्या गोष्टी आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी होत्या. त्या ऐकत वाढलेल्या आमच्या बापांनी १९८६ साली गायरानाच्या मुरमाड माळावर नांगर धरला. बारा घरं एका दिवशी. मी तेव्हा सहावीत. दगड वेचून वेचून हाताची सालटं निघाली. बाजरी पेरली. बाजरी पोटरीत आली आणि एका रात्री गावची गुरं आत. कुणी सोडली ते सगळ्या गावाला माहीत होतं. तक्रार कुणी लिहून घेतली नाही. १९८७ ला तेच. १९८८ ला तेच.

पण गुरांपेक्षा वाईट गोष्ट नंतर कळली. गायरानावर कुणाचं अतिक्रमण आहे, त्याची नोंद तलाठ्याकडे गाव नमुना १-ई मध्ये होते. आमच्या सातवी शिकलेल्या चुलत्यानं ती वही बघून आणली. आमच्या रानांपुढं तिन्ही वर्षं एकच शब्द. पड.

पड म्हणजे पेरलंच नाही. आम्ही नांगरलं, पेरलं, राखलं, गुरांनी खाल्लं, आणि वहीत आलं की रान रिकामं होतं. ज्यांनी गुरं सोडली त्यांना बाजरी नको होती. त्यांना हा शब्द पाहिजे होता. पोरांनो, हे ध्यानात ठेवा. उभं पीक म्हणजे नुसतं पोट नव्हे, तो पुरावा असतो. म्हणून ते मोडणाराही नुसतं पोटावर मारत नाही.

त्या रात्री वस्तीत बैठक बसली. बाप्ये म्हणाले, राखणीला जाऊ, काठ्या घेऊन. बारा घरांचे बाप्ये, गाव तीनशे उंबऱ्यांचं. मायनं मधी तोंड घातलं.

"बाजरी जलमती उघड्यावर. पयल्या दिसापासनं चोराच्या पुढ्यात. आपुन असं पीक घिऊ का, जे दारात वाढंल अन् हाडं धरल्यावर रानात जाईल?"

"मिरची," चुलती म्हणाली. "लई करून तिला गुरं तोंड बी लावीत न्हाईत."

बस्स. एवढीच ती बैठक. आयुष्यभर दुसऱ्याच्या मिरचीचं रोप टाकणाऱ्या दोन बायांनी जे मांडलं, ते कुठल्या पुढाऱ्याच्या डोक्यात आलं नव्हतं. रोपाचं पीक आपल्या आयुष्यातले सगळ्यात नाजूक पाच-सहा आठवडे चार हात वाफ्यात काढतं. तो वाफा कुठं करायचा ते आपल्या हातात असतं. रान गावाच्या नजरेखाली होतं. दार आमच्या नजरेखाली होतं.

१९८९ च्या उन्हाळ्यात पाच घरं पोटासाठी मुंबईला बिगारीवर गेलेली. राहिली सात. प्रत्येक घराला दहा गुंठे मिरची, असं ठरलं. दोन दोन फुटांवर लावली तर दहा गुंठ्यांना पावणेतीन हजार रोपं लागतात. हात दोन हात रुंद आणि सहा-सात हात लांब असा वाफा धरला तर तीन वाफ्यांत तेवढी होतात. मायनं प्रत्येकाला चार करायला लावले. का, तर "तीन रानाचे, चौथा मरीचा." सात दारांत अठ्ठावीस वाफे. आता ते कसे केले ते नीट लिहिते, कारण हे तुम्हाला कुठंतरी करायचं आहे.

वाफा सपाट नाही करायचा. वीतभर उंच गादी करायची, म्हणजे पाणी साचत नाही. माती चाळलेली, त्यात पूर्ण कुजलेलं शेणखत. अर्धवट कुजलेलं घातलं तर हुमणी आणि तणाचं बी दोन्ही दारात आणलं समजा. बी पेरायच्या आधी आठ दिवस वाफ्यावर पाणी मारायचं आणि तणाला उगवू द्यायचं. उगवलं की अलगद खुरपून काढायचं, माती खोल न उकरता. मगच मिरचीचं बी. असं केलं की रोपाला पहिले पंधरा दिवस वाटेकरी नसतो. मायनं याला नाव दिलं नव्हतं. ती म्हणायची, "आदी चोराला येऊ द्यावं, मग दार लावावं."

बी विकत घेतलं नाही. माय दर साली चांगल्या झाडाची, पूर्ण लाल झालेली, डाग नसलेली मिरची बियाला बाजूला काढायची. मालकिणीच्या राशीत बोकड्या आलेल्या झाडाची मिरची ती कधी बियाला धरत नसे. बोटानं चार चार बोटांवर रेघा ओढल्या. नखभर खोल बी टाकलं, विरळ. मूठ भरून फेकलं नाही. वरून चाळलेलं खत, त्यावर वाळलेलं गवत. पाणी सकाळचं, झारी नव्हती म्हणून भोकं पाडलेल्या डब्यानं. आठ-दहा दिवसांनी बी वर आलं की गवत काढून घेतलं आणि काठ्या रोवून वर जुनेर ताणलं. चिमण्या आणि ऊन यांच्यासाठी तिनं ते ताणलं होतं. आज कळतं की बारीक विणीचं कापड किंवा जाळी पांढऱ्या माशीलाही आत येऊ देत नाही, आणि मिरचीचं पान वळवून टाकणारा विषाणू त्या माशीच्या तोंडातून येतो. फुलकिडे आणि कोळी यांनीही पान वळतं. आपल्याकडं या सगळ्याला एकच नाव, बोकड्या. किडीला औषध आहे. विषाणू झाडात शिरल्यावर त्याला औषध नाही. असं झाड दिसलं की उपटून लांब न्यायचं, दया करायची नाही.

मृग लागला आणि चार दिवस उघडीप नाही. रोप वीस दिवसांचं. पाचव्या दिवशी सकाळी बघतो तर वाफ्यात थाळीएवढे गोल गोल चट्टे, आणि त्या गोलातलं रोप आडवं. पान हिरवं, पण मातीच्या रेघेजवळ देठ भिजल्या सुतासारखा बारीक. ही मर. माझा बाप डोक्याला हात लावून बसला. कुणीतरी करणी म्हणालं. चुलतीनं त्याला गप्प केलं. "करनी कशाची? पाणी बसलंय बुडाला."

बरोबर बोलली ती. मर हा जमिनीतल्या बुरशीचा रोग. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजेरियम अशी तिची नावं मी पुढं पुस्तकात वाचली. ओल जास्त, रोप दाट, वारा कमी, की ही बुरशी मुळाशी येते आणि एका रोपावरून दुसऱ्यावर जाते. बायांनी काय केलं? पडलेलं रोप भोवतालच्या मातीसकट पत्र्याच्या डब्यात उचललं आणि वस्तीबाहेर पुरलं. चट्ट्याच्या कडेचं चांगलं दिसणारं दोन बोटं रोपही काढलं. वाफ्यांमधल्या नाळी खोल केल्या. दाट होतं तिथं विरळलं. जुनेर गुंडाळून ठेवलं, वारा लागू दिला. पाऊस थांबल्यावर माती सुकेपर्यंत पाण्याचा डबा उचलला नाही. शेवटी हिशेब केला तर अठ्ठावीसपैकी सात वाफ्यांइतकं रोप गेलं. बरोबर चौथाई. मायनं मरीचा वाटा आधीच काढून ठेवला होता.

आज यात भर घालता येते, ती घाला. एप्रिल-मेच्या उन्हात वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार-सहा आठवडे घट्ट झाकलं तर आतली उष्णता बुरशी आणि तणाचं पुष्कळ बी मारते. ट्रायकोडर्मा नावाची चांगली बुरशी आहे, ती वाईट बुरशीला खाते. कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रांतून ती मिळते. किलोला पाच ग्रॅम बियाला चोळायची, खतातही मिसळायची. मर दिसलीच तर दहा लिटर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड घालून मुळाशी ओतायचं. पण ट्रायकोडर्मा आणि तांब्याचं औषध एका वेळी घालू नका, एक दुसऱ्याला मारतं. आणि यातलं काही नसलं तरी उंच गादी, विरळ बी, सकाळचं पाणी या तीन गोष्टींना पैसा लागत नाही.

आर्द्रा निघता निघता रोप रानात गेलं. आदल्या संध्याकाळी वाफे भिजवले म्हणजे मुळ्या तुटत नाहीत. दुपार कलल्यावर लावायला घेतलं. सात घरांच्या बाया एकाच्या रानात, मग दुसऱ्याच्या. आयुष्यात पहिल्यांदा पात धरली आणि मुकादम नव्हता. माय त्या दिवशी मधेच उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून. कुणी बस म्हणालं नाही. ती नुसती उभी राहिली आणि पुन्हा बसली. मला ते अजून दिसतं.

वीसेक दिवसांनी पहिली खुरपणी, पुढं आणखी दोन. मिरची सुरुवातीला सावकाश वाढते. पहिले दोन महिने तण आवरलं तर पुढं तिचीच सावली तणाला दाबते. ते दोन महिने हुकले तर नंतर कितीही खुरपा, गेलेलं परत येत नाही. एका रात्री गुरं घातलीच. तुडवलं तेवढं तुडवलं, तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी दारातल्या वाफ्यांत उरलेल्या रोपांनी नांग्या भरल्या. बाजरीला हे करता आलं नसतं.

श्रावणात तलाठी आला. माळावर हिरवी झुडपं, पांढरी फुलं. त्याला लिहावंच लागलं. सात नावांपुढं: मिरची, १० गुंठे. पाच नावांपुढं: पड.

हा एक शब्द किती महाग पडला ते ऐका. २८ नोव्हेंबर १९९१ ला सरकारनं निर्णय काढला की भूमिहीनांची १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली गायरानावरची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमानुकूल करायची. आमच्या बारा घरांनी एकाच दिवशी नांगर धरला होता. ज्या सातांच्या नोंदीत पीक होतं त्यांची नावं लागली. सहज नव्हे, खेटे घालून, वर्षानुवर्षांनी, पण लागली. पाच जणांच्या फायली अजून फिरतात. त्यांची जमीन पड नव्हती. नोंद पड होती.

२८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सगळ्या राज्यांना सांगितलं. त्यात अपवाद ठेवला आहे. सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना जमीन दिलेली असेल तर ती कायम करता येते. हे वाक्य पाठ करून ठेवा, कारण निकाल दाखवणारे ते दाखवत नाहीत. २०२२ च्या शेवटी हायकोर्टाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा आमच्या पाच घरांतल्या म्हाताऱ्या पुन्हा पत्र्याच्या पेटीतल्या दंडाच्या पावत्या उलगडत बसल्या.

आता तुमच्या एका गोष्टीशी मला भांडायचं आहे. मिटिंगांतून पोरं कविता म्हणतात. आम्ही तण आहोत, उपटाल तितके उगवू, अशा अर्थाच्या. टाळ्या पडतात. एकदा माय समोर बसली होती. परतताना मला म्हणाली, "ह्येनी कदी खुरपं धरलं न्हाई. म्या जलमभर तण उपटलं. तण म्हंजी दुसऱ्याच्या वाट्याचं खाणारं. आपुन कुणाचं खाल्लं? आपुन मिरची हाव. आपल्या बुडाला तण हाय."

उपमाच पाहिजे असेल तर टारफुला घ्या. ज्वारी-बाजरीच्या रानात उगवतो. त्याला मुळं नावालाच. तो जमिनीच्या आत ज्वारीच्या मुळाला चिकटतो आणि तिचं पाणी-अन्न शोषतो. मातीच्या वर दिसतो तेव्हा ज्वारीचं नुकसान होऊन गेलेलं असतं. वर दिसतो तो कसा? देखणा, हिरवा, फुललेला. ज्वारी शेजारी सुकलेली. अनोळखी माणूस म्हणेल, काय गुणी झाड आणि काय आळशी ज्वारी! गावगाडा असाच दिसत आला. टारफुल्याचं धुळीसारखं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. नुसता वरून उपटला तर संपत नाही. फुलायच्या आधी उपटावा लागतो आणि रानातलं पीकही बदलावं लागतं. त्याला चिकटायला मूळच मिळालं नाही की तो उगवूनही मरतो. माझ्या समजुतीप्रमाणे मायनं १९८९ ला तेच केलं. पीक बदललं.

पण खुरप्याचं कौतुकही मी ऐकून घेणार नाही. मायचे दोन्ही गुडघे गेले. ती आता भिंत धरून उठते. मराठवाड्यात सोयाबीन आलं, मागोमाग तणनाशक आलं, आणि बायांचे खुरपणीचे दिवस आटले. काही शहाणी माणसं हळहळतात की जुनं गेलं. उकिडवं बसणं गेलं म्हणून मी रडणार नाही. बाबासाहेब यंत्राच्या विरोधात नव्हते. यंत्रानं माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणूस जनावरासारखा राबत राहतो, ही त्यांची भूमिका होती. प्रश्न असा की फुरसत कुणाला मिळाली? मालकाची मजुरी वाचली. बाईचा रोज बुडाला. ओट्यातली घोळ-तांदुळज्याची भाजी फवाऱ्याखाली जळाली. आणि पंप चढला आपल्याच पोराच्या पाठीवर.

त्या पंपाबद्दल नीट सांगते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं मेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यांत दुसऱ्याच्या रानात रोजानं फवारणारे मजूर होते. औषधाच्या बाटलीवर कायद्यानं रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति जहाल, पिवळा त्याच्या खाली, मग निळा, मग हिरवा. आतल्या कागदावर उतारा कोणता ते लिहिलेलं असतं, इतक्या बारीक अक्षरात की चष्मेवाल्यालाही दिसू नये. पॅराक्वाट नावाचं तणनाशक आपल्याकडं विकलं गेलं, पोटात गेलं तर त्याला उताराच नाही. तेव्हा एवढं करा. वाऱ्याकडं पाठ करून फवारायचं. उघड्या अंगानं नाही. भर उन्हात नाही. दोन औषधं दुकानदार सांगतो म्हणून मिसळायची नाहीत. मळमळलं, डोळ्यांपुढं अंधारी आली की पंप खाली, कपडे काढून साबणानं अंग धुवायचं आणि दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्यायची. डॉक्टरला नाव कळलं पाहिजे. आणि मालकाकडं हातमोजे, मास्क मागायला लाजू नका. आपण भीक मागत नाही.

स्वतःच्या रानात तण काढायला दोन चाकांचं किंवा सायकलच्या चाकाचं कोळपं मिळतं, लांब दांड्याची खुरपी मिळतात. उभ्यानं काम होतं. आमच्या सात घरांत मिळून अशी दोन कोळपी आहेत. माझी सून कधी उकिडवी बसली नाही. याला मी मुक्ती म्हणते. तुम्हाला लहान वाटेल.

१९१८ साली बाबासाहेबांनी भारतातल्या लहान शेतीवर निबंध लिहिला. नुसत्या तुकडे जोडण्यानं भागणार नाही, जमिनीच्या मानानं भांडवल आणि अवजारं किती आहेत त्यावर शेत परवडणारं की न परवडणारं ते ठरतं, असा त्याचा रोख. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती राज्याच्या मालकीची करायला सांगितलं. जमीन जातपात न बघता गावकऱ्यांना द्यायची, ती सामुदायिक कसायची, आणि पाणी, जनावरं, अवजारं, खत, बी राज्यानं पुरवायचं. बी हा शब्द त्या यादीत आहे. घटनेच्या माणसानं बियाचा विचार केला. आपण ताब्यापाशी थांबतो. राज्यानं बी दिलं नाही, तर मायनं लुगड्याच्या गाठीतून काढलं. पण प्रत्येक वस्तीत माय असेलच असं नाही, आणि असली तरी तिला कुणी विचारलेलं असेल असं नाही.

म्हणून कामं सांगते. तुमच्या तालुक्यात जिथं जिथं गायरान कसलं जातं, तिथं वैशाखात जा. भाषणाला नको. वहीला जा. खुरपणाऱ्या म्हाताऱ्या बायांना विचारा, कोणतं तण कशानं मरतं, कोणतं खाता येतं, बी कसं धरता, मर आली तर काय करता. त्यांच्या शब्दांत लिहा. मग ते पिकाच्या नोंदीशी जोडा. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्यानं मोबाईलवर आपलं पीक आपण नोंदवायचं. पण ती सातबाऱ्यावर चालते. ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही त्याचं पीक त्या मोबाईलला दिसत नाही. त्याची पाहणी आपण करायची. दर हंगामात तारखेसकट फोटो, पाच पंचांच्या सह्या, तलाठ्याला लेखी अर्ज, अर्जाची पोच. आजच्या पिकानं १९९० च्या आधीचा पुरावा तयार होत नाही, हे मला माहीत आहे. त्यासाठी जुन्या पावत्या आणि साक्षी गोळा कराव्या लागतील. पण आज रान मोकळं दिसलं तर पावत्या घेऊनही कुणी आत येऊ देणार नाही.

येत्या मे महिन्यात आमच्या त्या पाच घरांच्या दारांत वीस वाफे पडतील. बी मी देणार आहे, मायच्या मिरचीचं, दर साली धरत आलेलं. जुनेरं वस्तीत निघतील. कोळपी आमची दोन आहेत ती फिरतील. आषाढात रोप रानात जाईल तेव्हा वही आणि फोटोवाला एक तरी पोरगा-पोरगी पाठवा. भाकरीची सोय आमच्याकडं. कोरड्यास त्या दिवशी बांधावर जे उगवलं असेल ते.

जयभीम.